मोका पॉट : सहा वर्षांच्या वापरानंतर

सहा वर्षांपूर्वी घेतलेला, गॅसवर कॉफी करायचा तीन कपांचा ॲल्युमिनियमचा मोका पॉट आमच्याकडे आजही रोज सकाळी गॅसवर चढतो. एवढ्या काळात त्याची रबरी रिंग चार वेळा आणि मूठ एकदा बदलावी लागली. मूळ भांडे मात्र जसेच्या तसे आहे. अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ मध्ये इटलीत बाजारात आणलेल्या या भांड्याचे तंत्र आपल्या कुकरच्या जवळचे आहे : खालच्या भागातले पाणी तापले, की वाफेच्या दाबाने ते मधल्या गाळणीतल्या कॉफीतून आट्यांनी बसवलेल्या वरच्या भागात चढते. त्यामुळे ज्याला कुकर सांभाळता येतो, त्याला याची निगा नव्याने शिकावी लागत नाही.

रिंग गेल्याची खूण सहज कळते. आट्यांमधून सूं-सूं आवाज येतो, बाजूने तपकिरी ओघळ उतरतात आणि वर नेहमीच्या निम्मीच कॉफी जमते. जुनी रिंग चमच्याच्या दांड्याने उचकटली, की तिच्यामागची गोल जाळीही सुटून येते. पहिल्यांदा ती काढली तेव्हा मागे साचलेला चिकट, खवट वासाचा थर पाहून, हे भांडे साबणाने धुवायचेच नाही, तव्यासारखे मुरवायचे, हा अनेकांचा सल्ला मी कायमचा सोडून दिला. सौम्य साबण, मऊ स्पंज आणि धुतल्यावर तिन्ही भाग सुटे ठेवून पूर्ण कोरडे करणे, एवढे पुरते. तारेची घासणी आणि डिशवॉशर यांच्यापासून मात्र ते दूरच ठेवावे, कारण डिशवॉशरच्या पावडरीतील क्षारांनी ॲल्युमिनियम काळवंडते आणि हात लावला तरी हाताला करडे डाग पडतात.

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाले, की तळाशी आणि सुरक्षा-व्हॉल्व्हभोवती पांढरे कीट धरू लागते. लिंबूसत्त्व घातलेले पाणी, कॉफी न भरता, एकदा उकळवले की ते सुटते. पाणी नेहमी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरावे आणि कॉफी दाबून ठासू नये; व्हॉल्व्ह बुजला असेल तर या दोन चुका धोक्याच्या ठरू शकतात.

मूठ वितळली, तो दोष माझा. आपल्या शेगडीच्या दांड्यांवर एवढे लहान भांडे नीट बसत नाही आणि मोठी ज्योत तळाबाहेर येऊन मुठीला लागते. आता मी पापड भाजायची जाळी खाली ठेवतो आणि लहान बर्नर मंद ठेवतो.

निव्वळ टिकाऊपणा पाहायचा, तर स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर याच्यापेक्षा सरस आहे, कारण त्यात रबर नाही, काच नाही आणि छिद्रे बुजण्याखेरीज दुसरे दुखणे नाही. पण त्याचा अर्क उतरेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि सकाळी सात वाजता तो माझ्याकडे नसतो. फ्रेंच प्रेसबद्दल, म्हणजे दांडा दाबून कॉफी गाळायच्या काचेच्या भांड्याबद्दल, लिहिण्यासारखे फारसे नाही. माझ्या दोन काचा नळाखाली धुतानाच फुटल्या.

इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा पॉट चालत नाही, त्यामुळे तशी शेगडी असल्यास इंडक्शनला चालणारा स्टीलचा घ्यावा. कोणताही घेतला, तरी त्याच मापाच्या दोन रिंगा सोबतच मागवून ठेवाव्यात. मी नंतर मागवली तेव्हा विक्रेत्याने थोड्या लहान मापाची पाठवली, आणि बदलून मिळेपर्यंत आम्ही बारा दिवस चहा प्यायलो.