न्यूरो किट: हातोडी पास, टॉर्च नापास

न्यूरो किटमधला, म्हणजे मेंदू आणि नर्व्ह तपासायच्या साधनांच्या संचातला, टॉर्च बंद पडला म्हणून लिहितोय. किटमध्ये काय काय येतं ते मेडिसिनच्या रेसिडेंटना सांगायला नको.

हातोडी उत्तम, वजन नेमकं. 128 आणि 512 हर्ट्झचे ट्यूनिंग फोर्क (कंपन आणि ऐकणं तपासायचे चिमटे) बरे. 256 चा का दिलाय आणि त्याचे पैसे मी का भरले, हे दुकानदारालाच माहीत. वासाच्या बाटल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात उडून गेल्या. आता पहिल्या, म्हणजे वासाच्या नर्व्हला दोन रुपयांची कॉफीची पुडी.

पण टॉर्च! उजेड पहिल्यापासूनच पिवळट. आपल्या पेशंटची बुबुळं गडद. त्या उजेडात बाहुलीची कडच सापडत नाही. पापणी पडलेली, डोळा बाहेर आणि खाली वळलेला, म्हणजे डोळा, पापणी आणि बाहुली हलवणारी तिसरी नर्व्ह गेली, हे लांबूनही दिसतं. सगळं अडतं बाहुलीवर. शुगरने नर्व्हच्या आतला रक्तपुरवठा जातो, बाहुलीचे तंतू वरच्या थरात असतात, म्हणून ती बहुतेकदा वाचते. अॅन्युरिझम (रक्तवाहिनीचा फुगा) बाहेरून दाबतो, तेव्हा बाहुली मोठी होते आणि रात्रीच मेंदूच्या अँजिओची धावपळ. एवढा मोठा निर्णय या भिकार टॉर्चवर!

कॅज्युअल्टीत ऐन वेळी स्विच बसला. मोबाईलचा फ्लॅश मारला तर पेशंट डोळे घट्ट मिटतो आणि नातेवाईक विचारतात, "फोटो कशाला काढताय ओ?" दुकानात गेलो, तर "टॉर्चला गॅरंटी नसते ओ सर." साडेबाराशे घेताना हे नाही सांगितलं.

किटमधल्या एनआयएचएसएसच्या (स्ट्रोक किती मोठा ते मोजायची मोजपट्टी) चित्रांच्या कार्डाला, ज्यातली चित्रं पेशंटने ओळखायची असतात, मी सुरुवातीला भरपूर नावं ठेवली होती. निवडुंग, हातमोजा, हॅमॉक. मंगळवेढ्याच्या आजीला हॅमॉक कशाला दाखवायचा? आजी म्हणाल्या, "झोळी हाय की, नातवाची." शब्द जड जिभेने आला, पण बरोबर आला. म्हणजे डिसार्थ्रिया (उच्चाराची अडचण), अफेझिया (भाषेचीच अडचण) नव्हे. आपल्याकडे निम्मे पेशंट कन्नड नाहीतर तेलुगू बोलणारे, त्यांच्यापुढे इंग्रजी वाक्यांचा कागद काय कामाचा? चित्र चालतं. फक्त पोराला पलंगापासून लांब उभा करा, नाहीतर बापाच्या आधी तोच उत्तर देतो.

कार्डावर एका ओळीची जागा मात्र हवी होती: शेवटचं नीट कधी पाहिलं. अक्कलकोटहून आलेले सांगतात, "सकाळी उठल्यापासून तोंड वाकडं." घड्याळ तिथून धरायचं नसतं, रात्री जेवताना नीट बोलत होते तिथून धरायचं. थ्रोम्बोलिसिसचे, म्हणजे गुठळी विरघळवायच्या औषधाचे, साडेचार तास त्यातच संपलेले असतात. मी ती ओळ कार्डामागे मार्करने लिहून ठेवली आहे.

एकगठ्ठा किट घेऊ नका. हातोडी, दोन फोर्क सुटे घ्या, टॉर्च पांढऱ्या उजेडाचा आणि दुकानातच लावून बघून. माझा 256 चा फोर्क कुणाला हवा असेल तर न्या, चहा पाजा फक्त.