नऊ डब्यांची खेळण्यांची रॅक: आठ महिन्यांनंतर

डोंबिवलीतलं वन बीएचके, थोरली साडेचार वर्षांची, धाकटा पावणेदोनचा. जूनमध्ये 1,800 रुपयांना ही रॅक मागवली, तेव्हा हॉलमध्ये पायाखाली ठोकळा आला नाही असा दिवस जात नव्हता. लोखंडी नळ्या, प्लास्टिकचे सांधे, त्यावर तिरके बसणारे नऊ रंगीत डबे. जोडायला नवऱ्याला दोन तास लागले. सोबतच्या कागदावरची चित्रं त्यालाही कळली नाहीत, मलाही.

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक डब्यावर चित्र चिकटवलं. ठोकळे, भातुकली, गाड्या. पण धाकटा डब्यातून खेळणं काढत नाही, डबाच उपडा करतो. थोरलीला बाहुलीचा एक बूट हवा असला तरी सगळी बाहुलीची बॅग जमिनीवर येते. आधी घरात एक ढीग असायचा, आता नऊ झाले. डबे खोल आहेत, हा या रॅकचा मूळ दोष. उथळ मिळाले तर तेच घ्या.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. तिसऱ्या आठवड्यात धाकटा खालच्या डब्यात पाय देऊन वर चढला आणि रॅक पुढे कलली. मी हाताच्या अंतरावर होते म्हणून निभावलं. खोक्यात भिंतीला अडकवायचं काहीच नव्हतं. त्याच दिवशी सुताराला बोलावून दोन पट्ट्यांनी रॅक भिंतीला ठोकून घेतली. घरात रांगतं-चालतं मूल असेल तर हे केल्याशिवाय एकही डबा भरू नका. मणी, गोट्या आणि बटण सेलची खेळणी माझ्याकडे झाकणाच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर असतात. या रॅकवर नाहीतच.

फरक पडला तो गणपतीत. मखराला कोपरा हवा म्हणून रॅक उतरवून बेडरूममध्ये ढकलली आणि दोनतृतीयांश खेळणी पिशव्यांत भरून माळ्यावर टाकली. पाच दिवस दोघं तीन डब्यांवर खेळली, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ खेळली. माळ्यावरचं एकही खेळणं कुणी मागितलं नाही. नंतर वाचलं की अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान मुलांसमोर कधी चार, कधी सोळा खेळणी ठेवून पाहिली होती. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली. मला तो अभ्यास आधी सापडला असता तर 1,800 वाचले असते!

आता सहाच डबे भरते. पंधरा दिवसांनी माळ्यावरची एक पिशवी खाली, खालची वर. जुनीच गाडी नव्या नवलाईने फिरते. ठोकळे मात्र रॅकवरून काढलेच. जुन्या सोलापुरी चादरीवर ओततो, खेळ संपला की चार टोकं धरून गाठोडं. आवरायला अर्धं मिनिट, आणि थोरली ते स्वतः करते.

पावसाळ्यात सांध्यांपाशी थोडा गंज आला. दोन डब्यांच्या कडा तडकल्या, सुटे डबे विक्रेता देत नाही. पाचपैकी तीन तारे, तेही भिंतीला ठोकल्यानंतरचे.

“रिकामे ठेवायलाच घेतले होते का डबे?” सासूबाई विचारतात. रिकामे कुठे आहेत? एकात कांदे-बटाटे, दुसऱ्यात जोडीदार हरवलेले मोजे. तिसऱ्यात धाकटा बसतो आणि ताईने ओढल्याशिवाय उठत नाही.