कमिशन स्टेटमेंटवरच्या टूलटिप : आठ महिन्यांनंतर

विक्रीवाल्यांचं कमिशन स्टेटमेंट निघालं की पुढचे दोन दिवस माझे फोनवरच जायचे. "माझं कमिशन एवढंच कसं?" आठ महिन्यांपूर्वी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टूलटिप (आकड्यावर कर्सर नेला की उघडणारी स्पष्टीकरणाची छोटी चौकट) टाकायची सोय आली आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिले दोन महिने फोन तेवढेच. मी नुसत्या व्याख्या लिहिल्या होत्या : 'स्लॅब दर म्हणजे टार्गेटपूर्तीनुसार लागू होणारा दर.' स्लॅब म्हणजे काय हे विक्रीवाल्याला ठाऊकच असतं. त्याला स्वतःच्या आकड्याचा हिशेब हवा असतो.

मग त्या-त्या ओळीचे आकडेच टूलटिपमध्ये आणले. समजा टार्गेट १००, विक्री १२०. कर्सर नेला की दिसतं : 'पहिल्या १०० वर ५ टक्के = ५; वरच्या २० वर ८ टक्के = १.६, एकूण ६.६.' सगळ्या १२० वर ८ टक्के धरून ९.६ ची वाट बघणारे बरेच होते. त्यांचे फोन थांबले.

वसुलीची, म्हणजे आधी दिलेलं कमिशन परत कापल्याची, ओळ सगळ्यात नाजूक. तिथे आता मूळ इनव्हॉइस नंबर, कमिशन दिल्याचा महिना आणि कपातीचं कारण येतं. ते वाचून एका सहकाऱ्याने दाखवून दिलं, की ज्या क्रेडिट नोटमुळे (ग्राहकाच्या बिलातून रक्कम कमी केल्याची नोंद) कपात झाली, ती दुसऱ्याच ग्राहकाची होती. चूक आमची, रक्कम पुढच्या महिन्यात परत केली. पूर्वी नुसता उणे आकडा दिसायचा, तेव्हा अशा किती कपाती लोकांनी मुकाट सोसल्या असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

उणिवाही आहेत. फोनवर कर्सरच नाही, आणि विक्रीवाले स्टेटमेंट फोनवरच बघतात. शेवटी बोट लावायला आकड्याशेजारी छोटं चिन्ह टाकून घेतलं. पीडीएफ काढली की टूलटिप गायब. चौकटीवर कर्सर न्यावा तर ती मिटते, त्यामुळे इनव्हॉइस नंबर कॉपी करता येत नाही. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये (वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीचे निकष) नेमकं हेच टाळायला सांगितलंय, तरी सुधारणा झालेली नाही.

दर बदलला तेव्हा तर जुन्या स्टेटमेंटवरही नवा नियम दिसायला लागला : आकडा जुन्या दराचा, स्पष्टीकरण नव्याचं. प्रत्येक मजकुराला 'या तारखेपासून लागू' जोडल्यावर ते सुटलं. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा.

स्प्लिटच्या, म्हणजे एकाच विक्रीचं कमिशन वाटून दिल्याच्या, ओळीवर मात्र मी अजून काही लिहिलेलं नाही. तिथे खरा हिशेब मांडायचा तर सोबतच्याचा वाटाही उघड होतो, आणि त्याला न विचारता ते करणं मला पटत नाही.