जंगल एक, सिनेमे दोन: आधी कुठला बघाल?

बोलपटाच्या सुरुवातीच्या काळातला एखादा साहसपट बघायचाय आणि संध्याकाळ एकच मोकळी आहे? मग ‘द मोस्ट डेंजरस गेम’ (१९३२) आणि ‘किंग काँग’ (१९३३) यांतून निवडा. दोन्ही आरकेओ या हॉलिवूडच्या स्टुडिओचे, आणि जंगलाचा सेटही एकच. त्यातून जिवाच्या आकांताने पळणारी नायिकासुद्धा तीच, फे रे. पहिल्यात स्वतःच्या गडद केसांची, दुसऱ्यात सोनेरी केसांचा टोप घातलेली.

‘गेम’ सुटसुटीत आहे. जहाज फुटून बेटावर आलेल्या शिकाऱ्याला कळतं, की इथला यजमान काउंट झारॉफ माणसांची शिकार करतो. ६३ मिनिटांत खेळ खलास. झारॉफ झालेला लेस्ली बँक्स कपाळावरचा व्रण चाचपत असं गोड बोलतो, की अंगावर काटा येतो.

‘काँग’ १०० मिनिटांचा. पहिला पाऊण तास जहाज, तयारी, गप्पा. इथे माझा मोबाइलकडे हात गेला, खोटं कशाला बोलू? पण तो महाकाय वानर, काँग, आला की संपलंच. प्रत्यक्षात दीडेक फुटाचा बाहुला, अंगावर सशाचं कातडं. ट्रिक दृश्यं करणाऱ्या विलिस ओब्रायनची माणसं तो प्रत्येक फ्रेमला जरासा हलवायची. बोटं लागून केस विस्कटायचे, त्यामुळे पडद्यावर त्याची लव सारखी वळवळते. म्हटलं तर चूक. मला मात्र तो रागाने फुलल्यासारखा वाटतो. बेटावरच्या लोकांचं चित्रण आज खटकतं, तेवढी तयारी ठेवा.

‘काँग’ २ मार्च १९३३ ला न्यूयॉर्कमध्ये लागला. मंदी जोरात, आरकेओ स्वतः दिवाळखोरीच्या दारात, त्यात चारच दिवसांनी अध्यक्ष रूझवेल्टनी देशभरातल्या बँका बंद केल्या. तरी लोकांनी गर्दी केली. १९३८ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा सेन्सॉरने काँग माणसं चावतो, चिरडतो ती दृश्यं कापली. ती बऱ्याच वर्षांनी परत जोडली गेली. म्हणून पूर्ण लांबीची, कृष्णधवल प्रतच शोधा. नंतर रंग चढवलेली नको.

एकच बघणार असाल, तर डोळे मिटून ‘काँग’. दोन्ही जमत असतील तर आधी ‘गेम’. त्यात दरीवर आडवा पडलेला ओंडका ओलांडून शिकारी आणि नायिका पळतात, तो नीट बघून ठेवा. ‘काँग’मध्ये तोच ओंडका काँगच्या हातात येतो, आणि वरची माणसं टपाटपा खाली पडतात.