लिथियम हलकीच असते, मॅडम!

२५,९८० रुपये गेले. आकडा लपवत नाही. आपण लाजेनं गप्प बसतो आणि ही माणसं त्याच जोरावर पुढच्या दारात जातात. मीही तीन महिने गप्प होते. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला बॅटरीच्या नावाखाली डबा विकला, हे स्टाफरूममध्ये कुठल्या तोंडानं सांगणार?

आमचा आठ बाय पाचचा छोटा ट्रेलर आहे, गाडीला जोडून न्यायचा. आत झोपायची जागा, मागचं दार उघडलं की स्वयंपाकाचा ओटा. दोन वर्षं आम्ही टॉर्चवर भागवलं. गंगापूर धरणाच्या बाजूला, वैतरणेला, जिथं जाऊ तिथं एकानं टॉर्च धरायची आणि दुसऱ्यानं कांदा चिरायचा. यंदा मे अखेरीस भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं ठरलं, तेव्हा दिव्यांचं नीट करायचं मनावर घेतलं. ट्रेलरमध्ये पिवळाच दिवा हवा, २७०० केल्विनचा. पांढऱ्या प्रकाशावर किडे झडप घालतात. आणि काजव्यांच्या झाडाखाली पांढरा झोत टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या किड्यांचा जोडीदार शोधायचा सगळा व्यवहारच अंधारात चालतो.

मोबाइलवर जाहिरात दिसली. १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, २०० वॉटचं सोलर पॅनल, चार्ज कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीत किती व्होल्टनं वीज जायची ते ठरवणारं यंत्र), पाच मीटर पिवळी एलईडी पट्टी, डिमर, ओट्यावरचा दिवा. सगळं मिळून २४,८०० रुपये. शहरातल्या दोन दुकानांत मी आधी विचारलं होतं. नुसत्या बॅटरीचाच भाव याहून जास्त होता. इथंच थांबायला हवं होतं, कबूल. पण जाहिरातीतल्या नंबरवरचा विक्रेता म्हणाला, "आमचं अंबडला युनिट आहे मॅडम, मधला दुकानदार नाही, म्हणून परवडतं." अंबड म्हणजे आमच्या नाशिकची कारखान्यांची वसाहत, त्यामुळे इथं राहणाऱ्याला हे अगदी खरं वाटतं. आमचा ट्रेलरसुद्धा अंबडच्याच एका कारागिरानं बांधला, चोख बांधला. युनिट बघायला येते म्हटलं तर "आज सुट्टीचा वार", दुसऱ्यांदा "साहेब मुंबईला गेलेत".

बुकिंगचे २,००० दिले. चार दिवसांनी माल तयार झाला म्हणून १५,०००. मे महिन्याच्या १० तारखेला एक पोरगा टेम्पोतून सामान घेऊन पाथर्डी फाट्याला आमच्या बिल्डिंगखाली आला. फिटिंगचे १,१८० वेगळे सांगितले. त्यानं दिवे जोडले, बटण दाबलं आणि ट्रेलर आतून असा उजळला की माझी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. उरलेले ७,८०० आणि ते १,१८० मी तिथंच क्यूआर स्कॅन करून दिले.

आता ऐका. ते पैसे देण्याआधी कंट्रोलरच्या पडद्यावर १२.४ व्होल्ट दिसत होते. मी ते वाचलं. मोठ्यानं वाचलं. पोरगा म्हणाला, "फुल चार्ज आहे ताई." मनात आलं, बारा व्होल्टची बॅटरी आहे, बारा पॉइंट चार दाखवतेय, बरोबरच आहे. नव्हतं बरोबर! लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल ओळीनं असतात. ती भरलेली असली तर दोन-तीन दिवे चालू असतानाही १३ च्या वर दाखवते. १२.४ म्हणजे एक तर ती जवळजवळ रिकामी, नाही तर ती फॉस्फेटची नाहीच. आकडा डोळ्यासमोर होता आणि तो पोरगा 'फुल' म्हणत होता. त्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही एवढंच मला दिसायला हवं होतं. अजून रात्री तोच हिरवा आकडा डोळ्यापुढे येतो.

दुसरं, वजन. ह्यांनी बॅटरी एका हातानं उचलून ट्रेलरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "फारच हलकी आहे गं." लिथियम हलकीच असते, हे विक्रेत्यानं मला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं. यातली मेख अशी की ते खोटं नाही. घरच्या इन्व्हर्टरच्या जड धुडापुढे ती खरंच हलकी असते. पण खरी १०० अँपिअर-अवरची दहा-बारा किलो तरी भरते. आमची नंतर भाजीवाल्याच्या काट्यावर टाकली, साडेपाच किलो भरली. घेताना काटा हातात ठेवा.

पॅनलला तर काटाही लागत नाही, टेप पुरते. २०० वॉटला साधारण एक चौरस मीटर, म्हणजे दहा-अकरा चौरस फूट काच लागते. आमचं दोन बाय दीड फुटांचं. कडक उन्हात साठ वॉटसुद्धा नशिबानं.

२९ मेला भंडारदऱ्याला मुक्काम केला. सगळे दिवे मिळून ३६ वॉट, हिशोबानं पस्तीस तास चालायला हवे होते. सव्वा तासात मिणमिणले आणि गेले. चुलीवर भात अर्धा कच्चा, वरून वळवाचे थेंब, मुलगी घाबरून रडायला लागलेली.

घरी आल्यावर ओळखीच्या मेकॅनिकनं डबा उघडला. आत जुन्या लॅपटॉपमधून काढतात तसे, अंगठ्याएवढे बारा सेल, चार-चारचे तीन गट एकापुढे एक, थेट डाग देऊन जोडलेले. संरक्षणाचं सर्किट नाही, फ्यूज नाही. बाकीच्या जागेत वाळूच्या दोन पिशव्या. आणि कंट्रोलर सेट केलेला १४.४ व्होल्टवर! तीन गटांत १४.४ म्हणजे एकेका सेलला ४.८. त्यांची मर्यादा ४.२ ची. पॅनल खोटं होतं आणि आभाळ भरलेलं होतं, म्हणून तो डबा पेटला नाही. माझी मुलगी त्याच्याच वर अंथरुण घालून झोपली होती. पैशांचं सोडा, या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला कधीही माफ करणार नाही.

त्याचा फोन अर्थातच बंद. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. "माल मिळालाय ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा." मी वाळूची पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणे युनिट अंबडला, हद्द आमची नाही. तिकडच्या ठाण्यात गेलो तर पैसे कुठून दिले ते विचारून पुन्हा पहिल्याकडे पाठवलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर घ्यायची. मी छापून नेलं, वाचून दाखवलं. "मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका." शिकवायलाच लागतोय ना पण! तीन खेपा, तीन अर्ध्या रजा, हातात काय तर शिक्का मारलेला अर्ज. बँकेत उत्तर, पिन तुम्हीच टाकला. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन करायचा असतो तो पैसे गेल्या गेल्या, तासाभरात, खात्यात ते असेपर्यंत. मला कळलं तेच एकोणीस दिवसांनी. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, छान आहे, पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे आहे एक बंद नंबर आणि एक बिल. त्या बिलावरचा जीएसटी क्रमांक २४ नं सुरू होतो. २४ गुजरातचा, महाराष्ट्राचा २७. अंबडचं युनिट म्हणे! बिल हातात आल्या आल्या पहिले दोन आकडे बघा. पुढं जीएसटीच्या साइटवर क्रमांक टाकला की नाव येतं. आमच्या बिलावरच्या क्रमांकाला एका कापड दुकानाचं आलं, त्या बिचाऱ्याला काही पत्ताच नसेल.

आणि पाच मिनिटं दिवे लावून दाखवले म्हणून पैसे देऊ नका. पाच मिनिटं काहीही पेटतं. रात्रभर चालवून बघू द्या म्हणा. खरा दुकानदार असेल तर थांबेल.

डबा पुरावा म्हणून फेकू नका, असं ठाण्यात सांगितलंय. पुरावा, पण ताब्यात घ्यायला तयार नाहीत. गॅलरीत लोखंडी बादलीत, त्याच्याच वाळूत ते बारा सेल पुरून ठेवलेत. झोपण्याआधी मी रोज एकदा हात लावून बघते, गरम झालेत का.