कातीव वाटी घासायला कोणते यंत्र घ्यावे?

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, लाटणी किंवा पलंगाचे खूर कातणाऱ्याला घासण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. फिरत्या लाकडाला खालून पॉलिश पेपरची पट्टी धरली की काम भागते. अडचण येते ती वाटी, थाळी अशा पसरट वस्तूंची. त्यांच्या कडेवर समोरासमोर दोन जागी लाकडाच्या रेषांची टोके वर येतात, तिथले तंतू उपटले जातात आणि हाताने धरलेला कागद गोल ओरखडे मागे ठेवतो.

माझ्या मते मर्यादित खर्चात पहिली खरेदी वेग कमी-जास्त करता येणाऱ्या, उलटसुलट फिरणाऱ्या वायरच्या साध्या ड्रिलची असावी, आणि त्यात घासायचा गोल कागद चिकटवायचा ५० मिलिमीटरचा मऊ वेल्क्रो पॅड बसवावा. लेथ संथ ठेवून पॅड लाकडाच्या विरुद्ध दिशेने फिरवला तर ओरखडे एकमेकांना छेदून पुसट होतात. शिवाय लेथ थांबवून उपटलेली जागा तेवढीच घासता येते, आणि हा फायदा बाकीच्यांत सहजी मिळत नाही. ड्रिलला हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, असल्यास तो मात्र बंद हवा. खोल वाटीत ड्रिलचे लांब अंग काठाला अडते. काटकोनी ड्रिलने ते टळते, पण तो महाग पडतो. बॅटरीचा ड्रिल हाताला सुटसुटीत असला तरी सलग घासताना बॅटरी लवकर उतरते.

१२५ मिलिमीटरचा ऑर्बिटल सँडर (गोल थरथरत्या पॅडने घासणारे हातयंत्र) थाळीच्या रुंद काठावर आणि सपाट बुडावर सुरेख चालतो. वाटीच्या पोटात त्याची फक्त कडा टेकते. फर्निचरचेही काम असेल तरच तो आधी घ्यावा.

बेअरिंगवर फिरणारा बिनमोटरचा सँडर स्वस्त, हलका आणि शेवटच्या हातासाठी उत्तम असतो, परंतु लाकूड थांबले की तोही थांबतो.

घरात आहेच म्हणून अँगल ग्राइंडरला पॅड लावण्याचा मोह आवरावा. मिनिटाला सुमारे ११,००० फेऱ्यांच्या वेगाने लाकूड करपते आणि वेल्क्रो वितळतो.

वाचलेले पैसे १२०, १८०, २४० आणि ३२० नंबरच्या चांगल्या कागदांवर घालावेत (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक). ८० नंबर फक्त उपटलेल्या तंतूंसाठी ठेवावा. शिसवाच्या धुळीची काहींना ॲलर्जी होते, म्हणून यांपैकी काहीही घेतले तरी एन-९५ मास्क त्याच खरेदीत धरावा.