'सेटअप केलेली' टूरिंग कार: माझे 49,270 गेले, तुमचे जाऊ देऊ नका

49,270 रुपये, रिमोटवर चालणाऱ्या एका सेकंडहँड मॉडेल गाडीच्या व्यवहारात गेलेले. आकडा आधी लिहितो, कारण घरी अजून खरा आकडा सांगायची हिंमत झालेली नाही. टोकनचे 5,000, गाडीचे उरलेले 31,500, अ‍ॅल्युमिनियमच्या सेटअप स्टेशनचे (चाकांचे कोन मोजायचं साधन) 6,500, कुरिअरचे 850. इथवर 43,850. पुढचे 620 आणि 4,800 कसे गेले ते खाली येईल, आणि सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.

मी नवखा नाही. चार वर्षं टॅमिया कंपनीची टीटी-02 ही रिमोटची गाडी पळवतोय. तिचे सस्पेन्शनचे मूळचे वरचे आर्म प्लास्टिकचे, ठरावीक लांबीचे, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलायची सोयच नाही. ते काढून टर्नबकल, म्हणजे फिरवून लांबी बदलता येणारे दांडे, बसवले आणि तिथून ही जिऑमेट्री शिकलो. पोटासाठी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे, मोजमाप हेच माझं काम. त्यामुळे 'स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळला असेल' असं कोणी म्हणू नका. भाव अर्ध्यावर आला असता तर मीही सावध झालो असतो. कार्बन चेसिसची, बेल्टवर चालणारी एक-दहाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या मापाची) गाडी सेकंडहँड साधारण ज्या भावात मिळते, त्याच भावात हा विकणारा देत होता. नवी मागवायची तर वर कस्टम ड्यूटी, ती परवडत नव्हती.

त्याने सेटअप शीट (गाडीच्या जुळणीचे आकडे लिहिलेला कागद) पाठवली. पुढचा कॅम्बर उणे दीड अंश, मागचा उणे दोन, मागे टो-इन (चाकांची तोंडं आत वळलेली) तीन, राइड हाइट (जमिनीपासून चेसिसची उंची) पाच मिलिमीटर, शॉकमध्ये 400 चं तेल. एकही आकडा खटकण्यासारखा नव्हता. पण शीटवर पृष्ठभागाच्या रकान्यात टिक होती 'कार्पेट'वर, आणि हा माणूस मला सांगत होता की गाडी फक्त पार्किंगच्या डांबरावर पळवलीय. मी आकडे वाचले, टिक वाचली नाही. शीट आली की आधी वरचे रकाने वाचा. आकडे कोणाचेही उतरवून काढता येतात.

आता तो व्हिडिओ. मीच मागितला होता, ट्वीक, म्हणजे गाडीला पीळ आहे का ते, बघायला. पद्धत सगळ्यांना माहीत आहे: गाडी सपाट जागी ठेवायची, पुढच्या बंपरखाली बरोबर मध्यावर सुरीचं टोक लावून सावकाश उचलायची, दोन्ही चाकं एकाच क्षणी सुटली पाहिजेत. त्याने सुरी लावली, उचलली, आणि डावं चाक आधी सुटलं. उजवं जमिनीला टेकलेलंच. मी तो तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला. फोन केला तर म्हणाला, "दादा, फरशीला उतार आहे हो, जुनं घर आहे आमचं." आणि मी ते मानलं! कंपनीत असा जॉब समोर आला असता तर लाल टॅग लावून बाजूला काढला असता. "काचेवर ठेवून परत दाखव" एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. रात्री साडेअकराला उरलेले पैसे पाठवले, कारण "सकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणाला. असं कोणी म्हणालं की फोन ठेवा.

गाडी आली, चकचकीत. मैदानावर नेली तर उजव्या वळणाला चिकटून जायची आणि डाव्या वळणाला मागून सुटायची. आधी टायर बदलले, मग डिफरेन्शियल उघडला. शेवटी कॅलिपर घेतला तेव्हा कळलं की चारही शॉकच्या कॉलर (स्प्रिंग वर-खाली करणाऱ्या कड्या) वेगवेगळ्या उंचीवर फिरवलेल्या आहेत. चेसिसला पीळ होता. कॉलर फिरवून त्याने चारही कोपऱ्यांची राइड हाइट सारखी करून टाकली होती, म्हणजे गेज लावा, आकडा बरोबरच येणार. वजन मात्र तिरपं, एका कर्णावर जास्त. मागच्या टो ब्लॉकमध्ये एका बाजूला तीन अंशाचा इन्सर्ट, दुसऱ्या बाजूला दोनचा. राइड हाइट बघू नका, कॉलरखालचे आटे मोजा, डावे-उजवे. दोन मिनिटांचं काम आहे.

सुट्टीच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून चेसिसची कार्बन प्लेट कंपनीत सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या अचूक सपाट फरशीवर) ठेवली. मागच्या उजव्या कोपऱ्याखाली 0.6 मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) आरपार गेली. कार्बनचे थर कडेला सुटले होते, त्यावर फेविक्विक भरून घासून चमकवलेलं. कडा ग्लूने सील करणं ही आपल्याकडे निगा समजतात, म्हणून मलाही ते बघून बरंच वाटलं होतं. नखाने दाबून बघा. थर सुटलेला असेल तर बारीक कुरकुर ऐकू येते.

फोन केला तर आवाजात केवढी माया! "दादा, मलाही माहीत नव्हतं. प्लेट पाठवून द्या, नवी देतो, फक्त फरकाचे 4,800 टाका. सेटअप स्टेशनही त्याच पार्सलमध्ये येईल." मी सगळे स्क्रू काढले, प्लेट सुटी केली, 620 रुपये भरून पाठवली, 4,800 टाकले. 43 हजार अडकलेले असताना 4,800 साठी गाडी तशीच पडू द्यायची का, असा विचार केला. तुम्हीही केला असता. पार्सल पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर ब्लॉक. म्हणजे पुरावाही मीच माझ्या हाताने त्याला नेऊन दिला. प्लेटवरच्या फीलर गेजचा एकही फोटो नाही माझ्याकडे. फोटो काढल्याशिवाय कोणतीही वस्तू परत पाठवू नका.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी अकरा दिवसांनी फोन केला. लगेच केला असता तर समोरच्या खात्यात पैसे अडकवता येतात, तेव्हा वाट बघू नका. तक्रार नोंदली, पावती क्रमांक आला. आणि मग सुरू झाल्या चकरा. चौकीत पहिला प्रश्न: "खेळण्यातल्या गाडीला पन्नास हजार?" दुसरा: "पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली, हा तर दिवाणी वाद." अहो, 6,500 चं सेटअप स्टेशन आलंच नाही, 4,800 ची प्लेट आलीच नाही, असलेली प्लेटसुद्धा काढून घेतली, यात दिवाणी काय आहे? भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 ची (फसवणुकीचं कलम) प्रिंट घेऊन गेलो तर ती न वाचताच बाजूला ठेवली. म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले स्थानिक ठाण्यात जा. बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार". ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर बिल मागितलं. सेकंडहँड गाडीचं बिल कोण देतं? चार रजा गेल्या. टोकाची गोष्ट म्हणजे ट्वीक समजावून सांगायला मी माझी टीटी-02 पिशवीतून चौकीत नेली, टेबलावर ठेवून सुरीऐवजी पट्टीने उचलून दाखवली. हवालदार साहेब फोन बघत होते. माझ्या घामाच्या पैशाची किंमत तिथे 'छंद' या एका शब्दात संपली. वस्तू महाग की स्वस्त, गरजेची की हौसेची, हे ठरवणं पोलिसांचं काम आहे का?

लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोंडी बोलून परत येऊ नका. मी पहिल्या दोन चकरांत तोंडीच बोलून आलो. आता पुढच्या गुरुवारी उपायुक्तांकडे अर्ज घेऊन चाललोय. यूपीआयच्या सगळ्या नोंदी, कुरिअरच्या पावत्या, कॉलची यादी, सगळं छापून फाइल केलीय.

आणि हे आज लिहायचं कारण. काल संध्याकाळी एका ओळखीच्याने मला एक व्हिडिओ पाठवला, गाडी घेऊ का म्हणून. नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत 39,000. फरशी तीच. सुरी तीच. डावं चाक आधी सुटतंय.